विश्लेषण : शंभर पाने, सहा खून आणि उत्तर गुलदस्त्यात... शब्दकोड्यांचा बादशहा ‘टॉर्केमाडा’ कोण होता?

नोव्हेंबर २०२१. टिकटॉकवर एक व्हिडीओ तुफान व्हायरल झाला. सॅन फ्रान्सिस्कोतील एका तरुणीने एका पुस्तकाची शंभर पाने सुटी करून बेडरूमच्या भिंतीवर चिकटवली होती. पुस्तक होते खुनाच्या रहस्यकथेचे. पण त्याची पाने मुद्दाम चुकीच्या क्रमाने छापलेली. क्रम शोधायचा, सहा खून कुणाकुणाचे झाले ते ओळखायचे आणि मारेकरीही सांगायचे, असे हे आव्हान. व्हिडीओ गाजला आणि पुस्तकाच्या प्रती बघता बघता संपल्या.

गंमत म्हणजे हे पुस्तक नवे नव्हतेच. ते १९३४ साली पहिल्यांदा छापले गेले होते आणि त्याच्या लेखकाला जाऊन तोवर ८२ वर्षे उलटली होती. ‘टॉर्केमाडा’ हे त्यांचे टोपणनाव. खरे नाव एडवर्ड पॉविस मॅदर्स. इंग्रजीतील क्रिप्टिक, म्हणजे गूढ संकेतांच्या शब्दकोड्याला त्याचे आजचे रूप देणाऱ्यांत त्यांचे नाव सर्वात आधी घेतले जाते. हा माणूस कोण होता, त्याची कोडी सुटायची कशी आणि त्याच्या एका कोड्याचे उत्तर त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ विस्मृतीत कसे गेले, ते समजून घेऊ.

कोण होते मॅदर्स?

मॅदर्स यांचा जन्म २८ ऑगस्ट १८९२ रोजी लंडनच्या फॉरेस्ट हिल भागात झाला. वडील वृत्तपत्राचे मालक होते. त्यामुळे छापील शब्द घरातच होता. स्कॉटलंडमधील लोरेटो शाळा आणि नंतर ऑक्सफर्डचे ट्रिनिटी कॉलेज, असे त्यांचे शिक्षण झाले.

सुरुवातीला त्यांची ओळख कोडीकार म्हणून नव्हती, तर कवी आणि अनुवादक म्हणून होती. आशियातील प्रेमकवितांची इंग्रजी रूपांतरे त्यांनी पुस्तकरूपाने आणली. ‘अरेबियन नाइट्स’ची मार्द्र्यू यांनी केलेली फ्रेंच आवृत्ती प्रसिद्ध होती, ती त्यांनी १९२३ मध्ये इंग्रजीत आणली. मॅदर्स यांची ही आवृत्ती आजही वाचली जाते.

त्यांचे भारताशी नाते काय?

नाते आहे, आणि ते थेट संस्कृतशी आहे. ‘चौरपंचाशिका’ हे पन्नास श्लोकांचे प्रेमकाव्य अकराव्या शतकातील काश्मिरी कवी बिल्हणाच्या नावावर सांगितले जाते. आख्यायिका अशी की, राजकन्येला शिकवता शिकवता कवी तिच्या प्रेमात पडला. राजाने देहदंड सुनावला आणि मृत्यू समोर दिसत असताना त्याने तिच्या आठवणींचे हे श्लोक रचले. हाच बिल्हण पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी होता. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्या काळी याच चालुक्यांच्या सत्तेखाली होता.

मॅदर्स यांनी १९१९ मध्ये या काव्याचे ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’ नावाने इंग्रजी रूपांतर केले. ते शब्दाला शब्द ठेवणारे भाषांतर नव्हते. मूळ भाव पकडून इंग्रजीत नवे काव्य उभे करण्याचा तो प्रयत्न होता. अमेरिकी कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांना ते इतके आवडले की, १९४५ च्या ‘कॅनरी रो’ या कादंबरीत त्यांनी त्यातील कडवी वापरली. बिल्हणाचा आवाज अशा रीतीने कॅलिफोर्नियाच्या मासळी कारखान्यांच्या वस्तीपर्यंत पोहोचला, तो एका लंडनकराच्या हातून.

हा तपशील कोड्यांच्या गोष्टीत महत्त्वाचा आहे. शब्दाला एकाच वेळी दोन-तीन अर्थ असतात आणि त्यातला नेमका कोणता पकडायचा, हा रोजचा पेच अनुवादकासमोर असतो. मॅदर्स यांनी पुढे हाच पेच वाचकांसमोर टाकला.

शब्दकोड्यांकडे ते वळले कसे?

पहिले आधुनिक शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाच्या रविवारच्या अंकात छापले गेले. ते रचले होते मूळच्या लिव्हरपूलच्या आर्थर विन यांनी. १९२४ मध्ये शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि अमेरिकेला या खेळाचे अक्षरशः वेड लागले. त्याच वर्षी ही लाट ब्रिटनमध्ये पोहोचली.

मात्र अमेरिकी कोड्यांतील संकेत सरळ असत. दिलेल्या अर्थाचा शब्द चौकटीत भरायचा, एवढेच. आपल्याकडे मराठी दैनिकांतील बहुतेक शब्दकोडी अशीच असतात. मॅदर्स यांना यात मजा वाटली नाही. शब्द माहीत असला की संपले, मग डोक्याला काम काय? त्यांनी संकेतालाच छोटे कोडे बनवले. ‘सॅटरडे वेस्टमिन्स्टर’मध्ये हे प्रयोग सुरू झाले आणि १९२६ पासून लंडनच्या ‘द ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिक वृत्तपत्रात त्यांची कोडी येऊ लागली. संपूर्ण कोड्यात केवळ क्रिप्टिक संकेत वापरणारे ते पहिलेच, असे मानले जाते.

टोपणनावही त्यांनी विचारपूर्वक घेतले. टोमास दे टॉर्केमाडा हा पंधराव्या शतकातील स्पेनचा धर्मन्यायालय-प्रमुख. संशयितांच्या छळासाठी त्याचे नाव इतिहासात कुप्रसिद्ध आहे. दर रविवारी वाचकांचा छळ करणाऱ्याला याहून चपखल नाव कुठले?

क्रिप्टिक संकेत सोडवतात कसा?

मॅदर्स यांचे संकेत इंग्रजीच्या खुब्यांवर उभे होते, त्यामुळे ते मराठीत आणता येत नाहीत. पण त्यामागची यंत्रणा मराठीतही चालते. तत्त्व सोपे आहे. संकेताचे दोन भाग असतात. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ. उरलेल्या भागात तेच उत्तर शब्दांच्या खेळातून पुन्हा सांगितलेले. या दोन भागांमधला सांधा मात्र लपवलेला असतो, कारण पूर्ण वाक्य भलतेच काही सांगत असते. मराठी कोड्यात एका चौकटीत एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसह भरतात, हे लक्षात ठेवा आणि ही चार उदाहरणे पाहा.

१) उलट वाचा : ‘नदी उलटली, उरला तो गरीब (२)’. वाक्य पुराची बातमी वाटते. पण ‘नदी’ ही अक्षरे उलटी लिहिली की ‘दीन’ होते. दीन म्हणजे गरीब.

२) अक्षरे विस्कटा : ‘कमल विस्कटले, हाती आली लेखणी (३)’. इथे ‘विस्कटले’ हा इशारा आहे. क, म, ल यांची जागा बदलली की ‘कलम’. कलम म्हणजे लेखणी.

३) आत शोधा : ‘एक मळका सदरा, आत मात्र फूल (३)’. ‘एक मळका’ हे शब्द सलग वाचा. पहिल्या शब्दाचे शेवटचे अक्षर आणि दुसऱ्याची पहिली दोन मिळून ‘कमळ’ तयार होते. ‘आत’ हा शब्द तेच सांगत होता.

४) दोन अर्थ : ‘गळ्यात शोभतो, निकालानंतर बोचते (२)’. उत्तर ‘हार’. फुलांचा तो हार, पराभवाची ती हार.

चारही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. वाक्य दिशाभूल करते, पण खोटे बोलत नाही. त्यामुळे सोडवणाऱ्याने पहिली गोष्ट करायची ती ही की, वाक्याचा वरवरचा अर्थ विसरायचा. मग उत्तराचा सरळ अर्थ सुरुवातीला आहे की शेवटी, ते पाहायचे. उलटणे, विस्कटणे, लपणे असे इशारे शोधायचे. आणि उत्तर सापडले तरी थांबायचे नाही. ते उत्तर का, हे प्रत्येक शब्दाचा हिशेब लावून सांगता आले पाहिजे. ‘कमळ’ हे तीन अक्षरी फूल म्हणून बसते, पण ‘मोगरा’ही तीन अक्षरी फूलच आहे. ‘मोगरा’ का नाही, हे संकेताचा दुसरा भाग सिद्ध करतो. गणितात उत्तराला गुण मिळतात, तसे पायऱ्यांनाही मिळतात. इथेही तसेच आहे.

टॉर्केमाडाचे कोडे तयार कसे व्हायचे?

हे एकट्याचे काम नव्हते. मॅदर्स यांच्या पत्नी रोझमंड यांचा त्यात मोठा वाटा होता. मॅदर्स शब्द निवडायचे, ते चौकटीत एकमेकांत बसवण्याचे किचकट काम रोझमंड करायच्या आणि मग संकेत लिहायला पुन्हा मॅदर्स बसायचे. बसायचे तेही पलंगावर, मांडी घालून, भोवती संदर्भग्रंथ आणि हातात सिगारेट, अशा थाटात. कोड्याखाली नाव मात्र एकच जायचे.

त्यांच्या कोड्यांत काळ्या चौकटींऐवजी बहुधा जाड रेघांनी शब्द वेगळे केलेले असत. त्यामुळे एकमेकांना छेदणारी अक्षरे जास्त आणि शब्द अधिक दुर्मीळ. बायबल, शेक्सपिअर, विस्मरणात गेलेले कवी यांची जाण नसेल, तर अनेक संकेत सुटतच नसत. मृत्यूपर्यंत त्यांनी ‘ऑब्झर्व्हर’साठी अशी ६७० कोडी रचली. १९३४ पासून याच टोपणनावाने ते त्या वृत्तपत्रात रहस्यकथांचे परीक्षणही लिहीत होते. अगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स यांच्या रहस्यकथांचा तो बहराचा काळ होता. खून, पुरावा, दिशाभूल आणि उलगडा यांचे गणित त्यांना आतून कळत होते.

‘केन्स जॉबोन’ इतके अवघड का?

१९३४ मध्ये प्रकाशक व्हिक्टर गोलांझ यांनी ‘द टॉर्केमाडा पझल बुक’ काढले. त्यात इतर कोड्यांसोबत शेवटी शंभर पानांची एक रहस्यकथा होती, ‘केन्स जॉबोन’. म्हणजे काइनच्या हातचे जबड्याचे हाड. बायबलमधील काइनने आपला भाऊ हाबेल याचा खून केला, तो अशा हाडाने, असा जुना समज आहे. ‘हॅम्लेट’मध्येही त्याचा उल्लेख येतो. जगातल्या पहिल्या खुनाचे हत्यार, हे रहस्यकथेचे शीर्षक.

पानांचा क्रम विस्कटलेला, एवढेच असते तर काम सोपे होते. एका पानावर अर्धवट तुटलेले वाक्य दुसऱ्या पानावर शोधले की झाले. पण मॅदर्स यांनी प्रत्येक पान पूर्ण वाक्यावर संपवले. शिवाय कथा ‘मी’ या प्रथमपुरुषात आहे आणि हा ‘मी’ सगळीकडे एकच माणूस नाही. त्यात भरीला कवितांचे संदर्भ आणि दुहेरी अर्थाची नावे. ‘विस्कटलेले कमल’ जे तीन अक्षरांत करते, तेच इथे शंभर पानांत केलेले आहे.

शंभर पाने किती प्रकारे लावता येतात? हा आकडा १५८ अंकी आहे. संगणकाने दर सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासले, तरी विश्वाच्या आजवरच्या वयाइतका वेळही त्याला कुठल्या कुठे अपुरा पडेल. त्यामुळे इथे अंदाजपंचे चालत नाही. वाचायचे, तारखा आणि नावे टिपायची, कोण बोलतो आहे ते ओळखायचे आणि एकेक दुवा जोडत जायचे, हाच मार्ग. प्रकाशनानंतर अचूक उत्तर पाठवणारे फक्त दोघे निघाले.

मग उत्तर हरवले कसे?

३ फेब्रुवारी १९३९ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील घरी मॅदर्स यांचे झोपेतच निधन झाले. वय अवघे ४६. त्यानंतर काही महिन्यांतच दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्यांची निवडक ११२ कोडी १९४२ मध्ये पुस्तकरूपाने आली, पण ‘केन्स जॉबोन’ हळूहळू विस्मृतीत गेले.

अडचण अशी होती की, त्याचे उत्तर कधी छापलेच नव्हते. विजेत्यांची नावे जाहीर झाली, पण पानांचा क्रम आणि मारेकरी गुप्तच राहिले. रचणारा गेला, सोडवणारेही काळाच्या पडद्याआड गेले. उद्या कुणी शंभर पाने लावून आणलीच, तर ती बरोबर आहेत की नाहीत, हे सांगणार कोण?

अनेक दशकांनी या पुस्तकाची एक प्रत इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील शँडी हॉल या संग्रहालयाकडे भेट म्हणून आली. हे अठराव्या शतकातील कादंबरीकार लॉरेन्स स्टर्न यांचे घर. तेथील अभिरक्षक पॅट्रिक वाइल्डगस्ट यांनी उत्तराचा छडा लावायचे ठरवले, जाहीर आवाहन केले आणि अखेर खात्रीचे उत्तर संग्रहालयाच्या हाती आले. त्यानंतरच २०१९ मध्ये पुस्तक पुन्हा छापता आले आणि अचूक उत्तरासाठी एक हजार पौंडांचे बक्षीस ठेवता आले. ते २०२० मध्ये जिंकले ब्रिटिश विनोदी लेखक जॉन फिनेमोर यांनी. करोनाच्या टाळेबंदीतले चार महिने त्यांनी यात घातले. पुढच्या वर्षी टिकटॉकवरचा तो व्हिडीओ आला. उत्तर अजूनही जाहीर केलेले नाही.

मॅदर्स यांच्यानंतर काय बदलले?

‘ऑब्झर्व्हर’मध्ये त्यांची जागा डेरिक मॅकनट या अभिजात भाषांच्या शिक्षकाने घेतली. त्यांनीही स्पेनच्या धर्मन्यायालय-प्रमुखाचेच नाव निवडले, ‘झिमेनेस’. १९७२ पासून तिथे कोडी रचू लागलेल्या जोनाथन क्राउदर यांचे ‘अझेड’ हे टोपणनाव म्हणजे आणखी एका धर्मन्यायाधीशाचे, ‘देझा’ याचे नाव इंग्रजीत उलटे वाचलेले. परंपरा जपण्याचीही क्रिप्टिक पद्धत.

पण मॅकनट यांनी गुरूची एक गोष्ट जपली नाही. टॉर्केमाडा यांचे काही संकेत इतके तिरपे असत की, उत्तर बसले तरी ते तसेच का, याचा पक्का हिशेब लागत नसे. अशा वेळी पुढच्या अंकातील उत्तराची वाट पाहण्याशिवाय गत्यंतर नसे. संकेत वाचकाला फसवू शकतो, पण शब्दांच्या पातळीवर तो प्रामाणिकच असला पाहिजे, असा दंडक ‘आफ्रिट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये मांडला. मॅकनट यांनी तो १९६६ च्या आपल्या पुस्तकात नियमबद्ध केला. संकेतात अचूक अर्थ हवा, शब्दखेळाचा न्याय्य इशारा हवा आणि या दोन्हींखेरीज फालतू शब्द नको. वर दिलेली मराठी उदाहरणे याच चौकटीत बसवण्याचा प्रयत्न आहे. इंग्रजी वृत्तपत्रांतील आजची क्रिप्टिक कोडी, भारतातीलही, कमी-अधिक प्रमाणात हेच नियम पाळतात.

या नियमांची गरज काय होती?

याचे उत्तर ‘केन्स जॉबोन’च्या प्रवासात आहे. त्या पुस्तकाला आपले उत्तर बरोबर असल्याचे सांगण्यासाठी बाहेरचा साक्षीदार लागला. तो मिळाला नसता, तर एका बुद्धिमान माणसाची सर्वात मोठी करामत कायमची न तपासता येणारी राहिली असती. नियमात बांधलेला संकेत मात्र आपला पुरावा स्वतःसोबत बाळगतो. ‘नदी उलटली’चे उत्तर ‘दीन’ आहे, हे पटवायला ते रचणाऱ्याला फोन करावा लागत नाही. तो हयात असण्याचीही गरज नाही. संकेतातला प्रत्येक शब्द साक्ष देतो.

मॅदर्स यांनी शब्दकोड्याला चातुर्य दिले, कविता दिली आणि रविवारची सकाळ वाया घालवण्याचे उत्तम कारण दिले. त्यांच्या नंतरच्या दोघांनी त्याला न्याय दिला. त्यामुळे आज मोबाइलवर क्रिप्टिक कोडे उघडणाऱ्या कुणालाही एक खात्री बाळगता येते. वाक्य कितीही वेडेवाकडे वाटो, उत्तराकडे जाण्याचा रस्ता आणि ते बरोबर असल्याचा पुरावा, दोन्ही त्या एका ओळीतच आहेत.